फोनमधला अभंग कोणाचा?

अभंग कोणाचा हे ओळखायला वारकऱ्याला पोथी उघडावी लागत नाही. शेवटचे चरण येऊ द्यावे. ‘तुका म्हणे’ आले की देहू, ‘एका जनार्दनी’ आले की पैठण, ‘नामा म्हणे’ आले की आपली नरसी. टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभ्या राहणाऱ्या पोरालाही हे कोणी बसवून शिकवीत नाही. ऐकता ऐकता येते. परंतु आजकाल त्या पोराच्या हाती टाळाआधी फोन येतो, आणि फोन शेवटच्या चरणापर्यंत थांबत नाही. अभंग सुरू होण्यापूर्वीच तो चित्राखाली एक ओळ दाखवतो आणि पदाचा धनी कोण हे सांगून मोकळा होतो. ती ओळ पुष्कळदा चुकीची असते. हा लेख त्या ओळीविषयी आहे.

कीर्तनाला उभे राहणे मी आता सोडले आहे. गुडघे ऐकत नाहीत. कान मात्र शाबूत आहेत. गेल्या चातुर्मासात आमच्या निलंग्याच्या भजनी मंडळाने एक काम अंगावर घेतले. मंडळींकडच्या जुन्या कॅसेटी, तबकड्या, या फोनमधून त्या फोनमध्ये फिरलेली पदे, हा सगळा साठा एका जागी आणून त्याची नीट यादी लावायची. संगणक दुरुस्तीचे दुकान असलेल्या एका तरुण टाळकऱ्याने यंत्राकडे बघायचे आणि पद कोणाचे ते मी सांगायचे, अशी वाटणी झाली. सुमारे अकराशे ध्वनिमुद्रणे निघाली.

‘एका जनार्दनी’ ही मुद्रा असलेल्या तीन अभंगांपुढे कवी म्हणून ‘संत जनार्दन’ असे छापलेले. जनार्दनस्वामी हे नाथांचे सद्गुरू, देवगिरीच्या किल्ल्यावरचे. शिष्याने गुरूचे नाव मस्तकी धरले, तर यादी करणाऱ्याने शिष्यालाच गाळून टाकले. ‘नामयाची जनी’ ही मुद्रा ऐकून जनाबाईंची पदे नामदेवरायांच्या नावावर टाकलेली. ‘तुकयाबंधु’ म्हणजे तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा. त्यांची पदे सरसकट तुकोबांची ठरवलेली. माउलींच्या विरहिण्यांत ‘बाप रखुमादेवीवरु’ अशी मुद्रा येते. तिथे ज्ञानदेव हा शब्दच न दिसल्याने कवीची जागा रिकामी. हे वाचून आम्ही आधी हसलो. ज्याला संप्रदायाचा गंध नाही त्याच्याकडून असे व्हायचेच.

मग सोयराबाईंचा एक अभंग आला आणि हसणे थांबले. तोच अभंग तीन गायकांच्या आवाजात होता. एका ठिकाणी कवी ‘संत चोखामेळा’, दुसऱ्या ठिकाणी ‘पारंपरिक’, तिसऱ्या ठिकाणी गाणाऱ्या बाईंचेच नाव. सोयराबाई तिन्हींत कुठे नाहीत. त्या माउलीने मुद्रा घालताना स्वतःचे नावही पुढे केलेले नाही. ‘चोख्याची महारी’ एवढीच ओळख ठेवली आहे. पतीचे नाव आणि जगाने माथी मारलेली जात, या दोन शब्दांत तिने आपला पत्ता लिहिला. ज्या घराला देवळाच्या पायरीशी थांबवले, त्या घरातल्या बाईचे पद आज घरोघर वाजते आणि तिचे नाव पुन्हा बाहेरच. चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा ही पाचही जणे पदे रचत होती. आमच्या अकराशे मुद्रणांत या घरची जी पदे सापडली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पदांवर ‘पारंपरिक’ असा शिक्का होता.

‘पारंपरिक’ हा शब्द मला आता खटकू लागला आहे. जात्यावरच्या ओव्या पारंपरिक, काही चाली पारंपरिक, हे मान्य. ज्या पदात रचणाऱ्याने स्वतःची मुद्रा ठेवली आहे ते पारंपरिक कसे? सातशे वर्षांपूर्वीच्या पदावर कोणाचा कायद्याचा हक्क चालत नाही, कवीला मानधन द्यावे लागत नाही, म्हणून तिथे हा शब्द टाकून पुढे जाण्याची रीत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पूर्वीपासून आहे. पैशाचा हिशेब मिटला की नावाचाही मिटला, असे धरून चाललेले दिसते.

या चिठ्ठ्या चुकतात कशा, हे त्या तरुणाने मला उलगडून सांगितले. ते मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण दुखणे कळल्याशिवाय औषध कळत नाही. गाण्याची जी तबकडी, म्हणजे सीडी, आपण विकत घेत होतो, तिच्यात बहुधा गाण्यांची नावे नसतच. असे ते फक्त गाणे. नावे वरच्या कागदावर. संगणकात तबकडी घातली की नावे दिसत, ती इंटरनेटवरच्या सीडीडीबी नावाच्या साठ्यातून येत. तो साठा लोकांनी आपापल्या घरी बसून टंकून भरलेला. बरे, यंत्र तबकडी ओळखे ती गाणे ऐकून नव्हे. कोणते गाणे किती लांब आहे, याच्या हिशेबावरून ओळखे. दोन तबकड्यांचे हिशेब जुळले की एकीची नावे दुसरीला चिकटत. कोणी भाविकाने घाईत लिहिलेले चूक नाव अशा रीतीने हजार घरांत गेले.

दुसरी गोष्ट अधिक मुळातली आहे. एमपीथ्री फाइलला नावाची चिठ्ठी जोडण्याची आयडीथ्री नावाची पद्धत १९९६ साली निघाली. त्या पहिल्या चिठ्ठीत गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, संचाला ३०, वर्षाला ४ आणि शेऱ्याला ३० अशी जागा होती. पुढे गीतप्रकाराचा एक आकडा. त्या आकड्यांच्या यादीत भजन नव्हते, मग अभंग कुठला! आणि कवीला जागाच नव्हती. संगीतकारालाही नव्हती. गंमत अशी की ही चिठ्ठी फाइलच्या अगदी शेवटी, शेवटच्या १२८ बाइटांत बसवलेली असे. म्हणजे आपल्या मुद्रेसारखीच शेवटच्या चरणात. फक्त तिच्यात ‘म्हणे’ कोण हे लिहायची सोय ठेवायची राहिली. १९९८ मध्ये सुधारलेली पद्धत आली. तिच्यात कवीचा रकाना वेगळा, संगीतकाराचा वेगळा, गायकाचा वेगळा आहे. पण तोवर सवय पडून गेली होती. आजही आपल्याकडचे बहुतेक लोक ‘कलाकार’ हा एकच रकाना भरतात आणि ज्याचे नाव आठवेल ते त्यात कोंबतात.

त्यात देवनागरीचे हाल वेगळेच. जुन्या मराठी फाँटात टंकलेली नावे युनिकोडच्या जमान्यात किडामुंगीसारखी दिसू लागली, किंवा नुसती प्रश्नचिन्हे उरली. म्हणून लोकांनी नावे रोमन लिपीत लिहिली आणि ज्याला जसे सुचेल तसे स्पेलिंग केले. आमच्या यादीत तुकोबा सहा झाले होते. संत लावलेले, महाराज लावलेले, दोन्ही लावलेले, एका ‘ए’चे, दोन ‘ए’चे आणि एक ‘सेंट तुकाराम’. फोन या सहांना सहा वेगळी माणसे समजतो. देहूच्या एका तुकोबांचे अभंग शोधायला सहा दारे ठोठवायची.

पदाचे तीन धनी असतात हे आपल्या लोकांनीही कधी नीट मनावर घेतलेले नाही, ते इथे सांगितले पाहिजे. पद एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. पंडित भीमसेन जोशींनी नामदेवरायांचा, नाथांचा अभंग गावा आणि ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पण त्यांतल्या कितीतरी चाली राम फाटक यांच्या आहेत, हे किती वारकरी जाणतात? लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’ या संचातल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. फोनवर या दोघांना शोधावे लागते. आकाशवाणीच्या काळात असे नव्हते. निवेदिका गाण्याआधी कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगे, मग गाणे लागे. शेतात रेडिओ घेऊन बसलेला माणूसही ती तीन नावे कानावरून जाऊ देई, आणि दहा वेळा गेली की ती बसत. परभणी केंद्र ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला माडगूळकर आणि आठवले कोण हे ठाऊक असण्याचे कारण तेच.

ही दोन नावे मी मुद्दाम घेतली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली आला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा पाहून लोक पडद्यापुढे हात जोडत. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी बोलपटासाठी लिहिले, चाल केशवराव भोळे यांची. पद इतके जमले की कित्येकांनी ते तुकोबांचेच मानले. आमच्या साठ्यात ते चार वेळा होते आणि चारही वेळा कवी ‘संत तुकाराम’. तसेच ‘इंद्रायणी काठी’. ग. दि. माडगूळकरांनी ते ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटासाठी लिहिले, संगीत पु. ल. देशपांडे यांचे, स्वर भीमसेनांचा. यादीत ते कुठे ज्ञानदेवांचे, कुठे नामदेवांचे. माडगूळकरांनी छंदच मोठ्या अभंगाचा घेतला, सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा, त्यामुळे कान फसतो.

कान फसला तरी वारकऱ्याने फसू नये, कारण त्याच्याजवळ कसोटी आहे. या दोन्ही पदांत मुद्रा नाही. तुकोबांनी आपले नाव न घालता पद सोडले असे क्वचितच. मुद्रा दिसत नसेल तर थांबावे आणि गाथा उघडावी. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे पद याहून चकवणारे आहे. तेही माडगूळकरांचेच, ‘झाला महार पंढरीनाथ’ या १९७० च्या चित्रपटातले, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायिलेले. त्याच्या शेवटच्या कडव्यात नामदेवांचे, चोखोबांचे, पुरंदरदासांचे, दामाजीपंतांचे नाव येते. यंत्राला किंवा घाईच्या माणसाला वाटते, आले नाव, हाच कवी. पण तिथे ते संत कथेत आलेले आहेत. त्यांच्यासाठी देवाने काय केले हे दुसरा कोणी सांगतो आहे. मुद्रेत संत स्वतः बोलतो. हा फरक ज्याला कळला, त्याने अर्धी यादी दुरुस्त केली असे समजावे.

हे सगळे कशासाठी, असे एका सप्ताहात मला कोणी विचारले. नाव कोणाचे का असेना, नाम तर विठ्ठलाचे आहे ना! शिवाय संतांनी अहंकार टाकला होता, त्यांना नावाची काय हौस? बोलणे भाविकाचे आहे, म्हणून त्याचा मान ठेवून उत्तर देतो. वारकरी कीर्तनाचा पायाच संतवचन हा आहे. नारदीय कीर्तनासारखे आपण आख्यान लावीत नाही. एक अभंग घेतो आणि त्याच्यावर बोलतो, वाटेत प्रमाणे देतो ती संतांची. आता एखादा तरुण कीर्तनकार फोनमधली चिठ्ठी वाचून माडगूळकरांचे चरण माउलींचे म्हणून प्रमाणाला घेऊ लागला, आणि हे मी या कानांनी ऐकले आहे, तर त्याने दोघांवर अन्याय केला. माउलींच्या तोंडी त्यांचे नसलेले शब्द घातले, आणि माडगूळकरांनी आपल्या प्रतिभेने जे दिले ते त्यांच्याकडून काढून घेतले. माडगूळकर आणि आठवले काही परके नव्हेत. त्यांचे पद भजनाच्या शेवटी जरूर गावे आणि त्यांचे म्हणून गावे.

अहंकाराचे म्हणाल तर मुद्रा ही जबाबदारी आहे. हे मी बोललो, याचा जाब मला विचारा, असे त्यात आहे. तुकोबांच्या काळीच सालोमालो दुसऱ्याच्या पदात आपले नाव घालून मिरवत होता, आणि गाथ्यात त्याच्यावर अभंग आहेत. ते अभंग वाचावेत. वैकुंठीच्या वाटेवर असलेल्या त्या विरक्ताला ही चोरी क्षुल्लक वाटलेली दिसत नाही. आणि नाथांचे उदाहरण तर आपल्या मराठवाड्याच्या अंगणातले. माउलींच्या नंतर सुमारे तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत पाठ बिघडला होता. लोकांनी अर्थ कळेना म्हणून शब्द बदलले होते, ओव्या घातल्या होत्या. नाथांनी जुन्या प्रती मिळवून, ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये असे कडक शब्दांत बजावले. ज्या एकनाथांना भागवत लिहिता येत होते, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथातले शब्द जागच्या जागी बसवण्यात आयुष्यातला काळ घालवला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याच कामाची.

एकोणिसाव्या शतकात तुकोबांच्या गाथ्यासाठी हेच झाले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या ताडून गाथा सिद्ध केला आणि तो १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाला. फोनमधल्या अभंगांना अजून असा कोणी भेटलेला नाही. वह्या बिघडायला तीनशे वर्षे लागली. फाइली तीस वर्षांत बिघडल्या.

आता उपाय. त्या तरुणाने आधी एक स्वयंचलित साधन लावून पाहिले. गाण्याच्या आवाजाचा ठसा घेऊन ते नाव शोधते. मुद्रण कोणाचे आहे हे ते बऱ्यापैकी सांगते, पण पद कोणाचे हे त्याला आवाजावरून कळणे शक्य नाही. तिथे पुन्हा कोणीतरी लिहिलेलेच समोर येते. त्यातल्या त्यात म्युझिकब्रेन्झ नावाचा, जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेला साठा मला आवडला. त्यात कृती वेगळी आणि तिचे मुद्रण वेगळे नोंदतात. एक अभंग, त्याचा एक कवी, आणि त्याखाली दहा गायकांची दहा मुद्रणे. ही रचना आपल्या विचाराला धरून आहे. चूक दिसली तर कोणालाही नाव नोंदवून ती सुधारता येते. विकत ऐकण्याच्या ॲपांत मात्र ऐकणाऱ्याच्या हाती काही नाही. तिथली चिठ्ठी ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीकडून आलेली असते आणि तिलाच लिहावे लागते. आम्ही दोन कंपन्यांना पत्रे धाडली. एकीने चार महिन्यांनी सोयराबाईंचे नाव घातले. दुसरी गप्प आहे.

स्वतःच्या साठ्यातले काम मात्र आपल्याच हाती असते. आम्ही मूळ फाइलींची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवली, तिला हात लावायचा नाही. मग प्रत्येक पद शेवटपर्यंत ऐकले. पुष्कळ मुद्रणांत वेळ वाचवायला मधली चरणे गाळलेली असतात, आणि क्वचित शेवटचेही. मग मुद्राच ऐकू येत नाही. अशी पदे साखरे महाराजांच्या सकलसंतगाथेत ध्रुपदावरून शोधली. कवी, चाल आणि गायक आपापल्या रकान्यात देवनागरीत लिहिले, नावाचे एकच रूप ठरवून. हरिपाठ नुसता ‘हरिपाठ’ असा न ठेवता माउलींचा, नाथांचा, नामदेवरायांचा असा वेगळा केला. सगळ्याची नोंद एका जाड वहीत शाईने केली, कारण काही ॲप स्वतःहून ‘दुरुस्ती’ करतात आणि रात्रीतून पुन्हा पूर्वीची चूक आणून बसवतात. ती सोय बंद करून ठेवावी.

एक बारीकसे दुखणे काकड्याचे होते. देवळातल्या भोंग्याला पेन ड्राइव्ह जोडला की क्रम बिघडे. भूपाळ्या संपायच्या आत गौळण सुरू होई. पुजारी यंत्राला दोष देत होते. कारण एवढेच की फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले होते, आणि यंत्र १ नंतर १० घेते, मग ११, आणि २ फार उशिरा. ०१, ०२ असे लिहिले की क्रम सरळ लागतो. शंभरावर पदे असतील तर ००१.

अकराशेंपैकी बहुतेकांचा निवाडा झाला. अडले आहे ते नाम्यापाशी. नामदेवरायांनंतर नामा ही मुद्रा घेणारे आणखी झाले. नाथांच्या काळातले, ओवीबद्ध महाभारत लिहिणारे विष्णुदास नामा त्यांत सर्वांत मोठे. नामदेवरायांनीही स्वतःला विष्णुदास म्हणवले असल्याने त्या एका शब्दावरून निकाल करता येत नाही. भाषा पाहावी लागते, जुनी प्रत पाहावी लागते. आमच्याकडे अशी सतरा पदे आहेत. फोनवर त्या सतराही पदांपुढे ‘संत नामदेव’ लिहिलेले होते. ते काढून सध्या कवीच्या रकान्यात फक्त ‘नामा’ लिहून ठेवले आहे. नरसी, पंढरपूर किंवा पैठणकडे ज्यांच्या घरी जुन्या भजनाच्या वह्या असतील त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावे. पदांची यादी आम्ही पाठवू.